माकडहाडाचे जुने दुखणे आणि ते हाड काढून टाकण्याचा सल्ला

तुम्ही मांडलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. अडीच वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून तुम्ही बसत्या अंगावर पडलात आणि तेव्हापासून माकडहाड दुखते. कठीण जागी दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसवत नाही आणि उठताना क्षणभर जोराची कळ येते. गोळ्या झाल्या, मधोमध भोक असलेली गोल उशी झाली, काही आठवडे शेक आणि व्यायाम झाले, एक इंजेक्शनही झाले, त्याचा गुण महिनाभर टिकला. एमआरआयच्या अहवालात ‘विशेष दोष नाही’ असे लिहिले आहे. एका शल्यचिकित्सकाने हाड काढून टाकण्याचा सल्ला दिला आणि दुसऱ्याने या शस्त्रक्रियेच्या वाटेला जाऊच नका असे बजावले. आता या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारता.

मी मणक्याच्या शस्त्रक्रिया करतो आणि माकडहाडाचे रुग्ण नियमितपणे तपासतो. माझ्या मते दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वेगवेगळे रुग्ण आहेत. ही शस्त्रक्रिया चांगली की वाईट, हा प्रश्न तसा विचारला तर त्याला उत्तर नाही. तुमचे दुखणे खरोखर त्या हाडातून किंवा त्याच्या सांध्यातून येत आहे काय, आणि तो सांधा बसताना नको तसा हलतो आहे काय, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. तुम्ही लिहिलेल्या तपासण्यांमधून यांतील एकाचेही उत्तर अजून मिळालेले दिसत नाही.

माकडहाड म्हणजे कण्याच्या अगदी शेवटी, त्रिकास्थी या त्रिकोणी हाडाच्या खाली असलेले तीन ते पाच, बहुतेकांत चार, छोट्या तुकड्यांचे हाड. काहींमध्ये हे तुकडे एकमेकांना पूर्ण जुळलेले असतात, तर काहींमध्ये त्यांच्यामध्ये हलणारे सांधे असतात. त्याला मागच्या बाजूने नितंबाच्या मोठ्या स्नायूचे काही तंतू चिकटलेले असतात, दोन्ही कडांना कण्याला ओटीपोटाच्या हाडांशी बांधणारे बंध असतात आणि पुढून ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू येऊन मिळतात. गुदाशय त्याच्या लगेच पुढे असते. आपण बसतो आणि विशेषतः बसून मागे रेलतो, तेव्हा वजनाचा काही भार या हाडावर येतो आणि निरोगी माणसात ते थोडेसे पुढे वाकून पुन्हा जागेवर येते. स्त्रियांमध्ये हे दुखणे पुरुषांच्या सुमारे पाचपट आढळते. पडणे, अवघड प्रसूती आणि वाढलेले वजन ही त्याची नेहमीची कारणे आहेत, आणि काही रुग्णांत कोणतेच कारण सापडत नाही.

आता एमआरआयकडे वळू. तुमचा एमआरआय तुम्ही आडवे पडलेले असताना काढलेला आहे आणि तुमचे दुखणे बसल्यावर होते. बसल्यावरच जागचा सरकणारा सांधा आडवे पडल्यावर पुन्हा जागेवर येतो, त्यामुळे तो त्या चित्रात निर्दोष दिसणे मुळीच आश्चर्याचे नाही. शिवाय कमरेच्या एमआरआयमध्ये माकडहाडाचे टोक पुष्कळदा चित्राच्या चौकटीबाहेरच राहते, तेव्हा तुमच्या चित्रात ते पूर्ण आले आहे की नाही, हेही एकदा पाहून घ्यावे. एमआरआयचे खरे महत्त्व वेगळे आहे. त्या भागातील गाठ, कॉर्डोमासारखा दुर्मिळ पण गंभीर अर्बुद, जंतुसंसर्ग, मज्जातंतूंच्या मुळांवरील पाण्याच्या पिशव्या यांना वगळण्यासाठी तो हवाच. काही रुग्णांत सांध्याभोवतीची सूजही त्यात दिसते.

सांध्याची हालचाल पाहण्यासाठी साधा एक्स-रे लागतो, मात्र तो दोनदा काढावा लागतो. ही पद्धत फ्रान्समधील डॉ. झाँ-इव्ह मेन्य यांनी 1990 च्या दशकात रूढ केली. रुग्णाला आधी काही मिनिटे उभे ठेवून बाजूने पहिला एक्स-रे घेतात, म्हणजे माकडहाड आपल्या मूळ स्थितीत आलेले असते. नंतर त्याला कठीण स्टुलावर बसवून, नेमके दुखू लागेपर्यंत मागे रेलायला सांगून, त्याच बाजूने दुसरा एक्स-रे घेतात. दोन्ही चित्रे एकावर एक ठेवली की हाड किती अंशांनी वळले आणि कोणत्या बाजूला सरकले हे मोजता येते. बसल्यावर ते 25 अंशांहून अधिक पुढे वळत असेल, तर सांधा प्रमाणाबाहेर सैल मानतात. खालचा तुकडा वरच्याच्या तुलनेत मागे सरकून सांधा निखळत असेल, तर तो उघड अस्थिर सांधा होय आणि हा प्रकार वजन जास्त असलेल्यांत अधिक दिसतो. तिसऱ्या प्रकारात हाड जवळजवळ हलतच नाही, परंतु त्याच्या टोकाला मागच्या बाजूने एक छोटा अणकुचीदार उंचवटा असतो, जो बसल्यावर कातडीला आतून टोचतो. अशा रुग्णांत त्या जागी कातडीवर बारीक खळगाही पुष्कळदा दिसतो. आणि चौथ्या गटात सगळे मोजमाप नेहमीसारखे येते.

या चार गटांतील फरक मी इतक्या विस्ताराने सांगतो, कारण शस्त्रक्रियेचा निकाल मुख्यतः यावर अवलंबून असतो. मेन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली, बसता-उभ्याच्या एक्स-रेत अस्थिरता सिद्ध झालेल्या 37 रुग्णांच्या शस्त्रक्रियांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांत 23 जणांना उत्कृष्ट, 11 जणांना चांगला आणि 3 जणांना असमाधानकारक निकाल मिळाला. मात्र हे रुग्ण आधीच निवडून घेतलेले होते, हे विसरता कामा नये. हालचाल नेहमीसारखी असलेल्या, कारण न सापडलेल्या, आणि माकडहाडासोबत कंबर, मान, ओटीपोट असे अनेक ठिकाणी दुखणाऱ्या रुग्णावर तीच शस्त्रक्रिया केली, तर असाच निकाल मिळेल असे समजण्यास आधार नाही. ‘वाटेला जाऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी बहुधा असेच रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तितक्याच वेदनेत पाहिले असतील.

तुमच्या वर्णनात मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे बसून उठताना येणारी कळ. ही तक्रार सांध्याच्या दोषाकडे बोट दाखवते. पडल्यानंतर लगेच दुखणे सुरू झाले, हीसुद्धा त्याच बाजूची नोंद आहे. परंतु एवढ्यावर निदान पक्के होत नाही. प्रत्यक्ष तपासणीत गुदद्वारातून एक बोट घालून, बाहेरून अंगठ्याने माकडहाड धरून ते हलकेच हलवून पाहावे लागते, आणि हलवल्यावर तुमची नेहमीचीच वेदना जागी होते काय, हे विचारावे लागते. त्याच तपासणीत आतल्या बाजूचे स्नायू ताणलेले आणि दुखरे आहेत काय, हेही कळते. वेदना हाडावर नसून त्या स्नायूंत असेल, तर हाड काढून काहीही साधणार नाही. ही तपासणी रुग्णाला अवघडल्यासारखी वाटते आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरही ती टाळतात. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ती न करता कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर ती तारीख घेऊ नये. याच वेळी केसांच्या नासुराची, गुदद्वाराजवळच्या गळवाची आणि फिशरची शक्यताही तपासून बाजूला करता येते. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, विनाकारण घटणारे वजन, ताप, बसण्याच्या भागात आलेली बधिरता किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून तातडीने तपासणी करून घ्यावी.

तुमच्या इंजेक्शनविषयीही थोडे सांगायला हवे. इंजेक्शनने महिनाभर आराम पडला, ही निराश होण्याची बाब नसून उपयोगाची माहिती आहे, पण ते नेमके कोठे दिले होते, हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. केवळ हाताने चाचपून, दुखऱ्या जागी दिलेल्या इंजेक्शनाचे औषध कोठे पसरले हे कोणी सांगू शकत नाही. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, संशयित सांध्यात थोडेसे बधिर करणारे औषध घातले, आणि त्यानंतरच्या तास-दोन तासांत त्याच कठीण खुर्चीवर बसून तुम्हाला वेदना जवळजवळ नाही असे जाणवले, तर वेदनेचे मूळ तेथेच आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. म्हणून मी रुग्णाला इंजेक्शननंतर घरी जाऊन आडवे न पडता मुद्दाम बसून राहायला आणि वेदनेची नोंद ठेवायला सांगतो. सोबत सूज कमी करणारे स्टेरॉइड दिले असेल, तर त्याचा परिणाम पुढे किती आठवडे टिकतो, हा वेगळा मुद्दा. दुसरा प्रकार म्हणजे माकडहाडाच्या पुढच्या बाजूला असलेल्या गँग्लियन इम्पार या मज्जातंतूंच्या गाठीजवळ दिलेले इंजेक्शन. त्याने काही रुग्णांना दीर्घकाळ बरे वाटते, आणि गुण येऊन पुन्हा दुखू लागले, तर त्याच जागी रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने, ती गाठ बधिर करण्याचा पर्यायही असतो. तुमच्या बाबतीत शस्त्रक्रियेआधी निदान एवढे तरी करून पाहावे असे मला वाटते.

बिनशस्त्रक्रियेचे उपचार ‘झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हेही पाहावे लागते. गोल उशीने माकडहाडावरचा दाब पुरेसा कमी होतोच असे नाही. मागच्या कडेला खाच असलेली, पुढे उतरती पाचरासारखी उशी बहुतेकांना अधिक मानवते. व्यायाम केवळ कमरेचे झाले असतील, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करण्याचे प्रशिक्षण राहून गेलेले असते, आणि ते देणारे फिजिओथेरपिस्ट वेगळे असतात. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी दूर केले पाहिजे. असे सगळे नीट केल्यावर दहातील सुमारे नऊ रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज उरत नाही. हे प्रमाण अर्थातच सर्व रुग्णांचे आहे. अडीच वर्षे दुखत असलेल्या माणसाला ते तसेच्या तसे लागू होत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, तुमच्याकडे उभ्याचा आणि बसल्याचा एक्स-रे, बोटाने केलेली तपासणी, आणि पडद्यावर पाहून दिलेले निदानाचे इंजेक्शन या तीन गोष्टी नाहीत. तिन्हींनी एकाच सांध्याकडे बोट दाखवले आणि योग्य उपचारांना सहा महिन्यांत पुरेसा गुण आला नाही, तर शस्त्रक्रियेचा सल्ला मी स्वतः देतो आणि तो देताना मला संकोच वाटत नाही. तिघांचा मेळ बसत नसेल तर देत नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी. हिला कॉक्सिजेक्टॉमी म्हणतात. पूर्ण भूल देऊन किंवा पाठीतून भूल देऊन रुग्णाला पालथे झोपवतात आणि दोन्ही नितंबांच्या मधल्या घळीत, माकडहाडावर काही सेंटिमीटरचा उभा छेद घेतात. हाडाला अगदी चिकटून राहून, त्याच्या आवरणाच्या आतून स्नायू आणि बंध मोकळे करतात. वरून खाली जाण्याची पद्धत, जी 1937 साली ‘की’ (Key) नावाच्या शल्यचिकित्सकांनी वर्णिली, तिच्यात त्रिकास्थी आणि माकडहाड यांमधला सांधा आधी सोडवतात, सुटलेले वरचे टोक चिमट्याने उचलून धरतात आणि मग खालच्या टोकाकडे जात पुढची बाजू मोकळी करतात. काही शल्यचिकित्सक खालून वर जातात. मला पहिली पद्धत बरी वाटते, कारण हाड उचलून धरल्यावर गुदाशयाची भिंत कोठे आहे याचा अंदाज सतत राहतो. हाड निघाल्यावर त्रिकास्थीचे उरलेले टोक घासून गोलसर करतात, नाही तर तेच पुढे टोचत राहते. मग सुटलेले थर एकमेकांना शिवून आतली पोकळी बंद करतात. काढलेले हाड तपासणीसाठी पाठवावे, असा माझा आग्रह असतो. सगळे हाड काढावे की फक्त अस्थिर सांध्याखालचा भाग, याविषयी शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. अर्धवट उरलेल्या तुकड्याने पुन्हा दुखू लागलेले रुग्ण पाहिल्यामुळे मी सामान्यतः पूर्ण काढतो.

तुमची मोठी भीती अशी दिसते की हाड गेल्यावर बसताच येणार नाही किंवा शौचावरचा ताबा जाईल. माकडहाड शरीराचा भार पेलणारा मुख्य आधार नाही. बसताना वजन प्रामुख्याने नितंबांखालच्या दोन हाडांवर असते. चालणे, वाकणे, उचलणे यांत कोणतीही उणीव येत नाही. शौचावर ताबा ठेवणारे स्नायूही जागेवरच राहतात. गुदाशयाला इजा किंवा ओटीपोटाच्या तळातून आतडे खाली उतरणे या गुंतागुंती नोंदल्या गेल्या आहेत, पण त्या दुर्मिळ आहेत.

खरी काळजी करायची ती जखमेची. ही जखम गुदद्वारापासून अगदी थोड्या अंतरावर, घामाच्या ओलसर घळीत असते, प्रत्येक हालचालीने तिच्यावर ताण येतो आणि रुग्णाला कधी ना कधी तिच्यावरच बसायचे असते. म्हणून जंतुसंसर्ग आणि टाके उसवणे ही या शस्त्रक्रियेची सर्वांत सामान्य गुंतागुंत आहे. वेगवेगळ्या नोंदींत तिचे प्रमाण कमीजास्त आढळते, पण दहातील सुमारे एका रुग्णाला जखमेचा काही ना काही त्रास होईल असे धरून चालावे. बहुतेकांचा त्रास प्रतिजैविकांनी आणि ड्रेसिंगने आटोक्यात येतो, काहींची जखम पुन्हा उघडून स्वच्छ करावी लागते आणि ती भरायला अनेक आठवडे जातात. या दुखण्यात हाड काढणे हे काम तासाभराचे. जखम कोरडी आणि मिटलेली ठेवणे हे त्यानंतरच्या महिन्याचे काम आणि त्यात रुग्णाचा वाटा शल्यचिकित्सकाइतकाच असतो. धूम्रपान करणाऱ्याला मी ते थांबवल्याशिवाय घेत नाही, मधुमेह आधी आटोक्यात आणतो, वजन खूप असेल तर ते काही प्रमाणात तरी कमी करायला सांगतो, आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन झाले असल्यास मध्ये निदान तीन महिने जाऊ देतो. आतड्यातील जंतूंनाही लागू पडेल असे प्रतिजैविक छेद घेण्यापूर्वी दिले जाते आणि जखमेवर पाणी आत जाऊ न देणारा थर लावला जातो.

घरी गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पालथे किंवा कुशीवर झोपायचे, उभे राहून चालायला मोकळीक, पण सरळ बसणे शक्य तितके टाळायचे. शौच मऊ राहील असे औषध सुरुवातीपासून घ्यायचे आणि स्वच्छता नेहमी जखमेपासून दूर ठेवून, पाण्याने हलकेच करून जागा टिपून कोरडी करायची. ही कृती रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेकडून प्रत्यक्ष समजून घ्यावी, कारण वाचून ती नीट कळत नाही. बसून करायच्या कामावर परतायला बहुतेकांना सहा आठवडे किंवा अधिक लागतात. आणि आराम लगेच पडत नाही, हे आधीच माहीत असावे. मेन्य यांच्या वर उल्लेखलेल्या रुग्णांतही निश्चित सुधारणेला चार ते आठ महिने लागले होते. काहींना वर्षही लागते. दुसऱ्या महिन्यात पूर्वीइतकेच दुखते म्हणून शस्त्रक्रिया फसली असे ठरवणे चूक आहे.

शंभर टक्के वेदनामुक्तीचे वचन मी कोणाला देत नाही. नीट निवडलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्यांना मोठा फरक पडतो, म्हणजे तासभर सिनेमा पाहता येतो, प्रवास करता येतो, उशी विसरली तरी चालते. फार थकल्यावर किंवा कठीण बाकावर थोडे जाणवत राहते. थोड्यांना काहीच फरक पडत नाही, आणि काढलेले हाड परत बसवता येत नाही. वेदना वर्षानुवर्षे राहिल्याने मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असेल, तर हाड गेल्यावरही ती उरू शकते, म्हणून झोप, नैराश्य आणि शरीरात इतरत्र होणाऱ्या वेदना यांची चौकशी मी तपासणीच्या वेळीच करतो. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर ‘दुखणे मनाचे आहे’ असे ते सुचवत आहेत, असा अर्थ काढू नका.

पुढच्या भेटीत, शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरांना विचारावे की कोणता सांधा दोषी आहे असे त्यांना वाटते आणि ते कशावरून, ही शस्त्रक्रिया ते किती नियमित करतात, त्यांच्या रुग्णांत जखमेचा त्रास किती जणांना होतो, आणि जखम उसवलीच तर पुढची व्यवस्था काय. ‘नको’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही विचारावे की मग पुढचे सहा महिने काय करायचे, कारण केवळ नकार हा उपचार नव्हे. एक्स-रेला जाल त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊ नका. बसल्याचा एक्स-रे घेताना मऊ खुर्ची नको आणि दुखायला लागेपर्यंत मागे रेलू द्या, असे तंत्रज्ञाला स्वतःहून सांगा. दुखण्याआधीच काढलेल्या चित्रात सांधा सरकलेला दिसणार नाही आणि तुमची तपासणी पुन्हा एमआरआयच्या अहवालापाशीच येऊन थांबेल.